साडूंचं बदक

पृथ्वीच्या पाठीवर रीतसर लायसन्स काढून बंदूक बाळगणारा, आणि तरीही बदकांनी ज्याच्या डोक्यावरून निर्धास्त घिरट्या घालाव्यात, असा एकच शिकारी आजवर झाला असेल आणि तो नेमका माझा साडू निघाला. हे मी कौतुकाने म्हणतोय की वैतागून, ते माझं मलाच कळत नाही. माझ्या बायकोची थोरली बहीण शिल्पाताई, तिचे हे यजमान. मेलबर्नच्या टार्निटमध्ये आम्ही दोघे एकाच इस्टेटीत, म्हणजे नव्या घरांच्या वसाहतीत, दोन गल्ल्या सोडून राहतो, त्यामुळे मला पळायला जागा नाही. माणूस मूळचा पुण्याचा, जन्माने शुद्ध शाकाहारी, लग्नाने मालवणी. विद्यार्थी म्हणून इथे आले, एका पॅथॉलॉजी लॅबला चिकटले आणि गेली वीसेक वर्षं काचपट्टीवरच्या रक्ताच्या पेशी ओळखत बसलेत. कुठली पेशी कुठली ते सांगायचं आणि खाली सही ठोकायची, एवढंच काम. अशा माणसाला छंद लागलाच तर बागकामाचा लागावा, ब्रिजचा लागावा, फार तर शनिवारी क्रिकेटच्या अंपायरिंगचा. ह्यांना लागली बदकांची शिकार!

याचं सगळं खापर मी ग्रॅहॅमच्या डोक्यावर फोडतो. ग्रॅहॅम म्हणजे साडूंच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या जुन्या लाकडी घरातला सहाफुटी म्हातारा. जन्मभर ट्रक चालवला, बायको गेली, आणि चहूबाजूंनी आमची इस्टेट उगवत गेली तरी हा जागचा हलला नाही. आमच्या इस्टेटीच्या नावात ‘लेक’ आहे. लेक म्हणजे पावसाचं पाणी साचवायला खणलेला खड्डा आणि भोवती चार बाक. पण ग्रॅहॅमच्या लहानपणी इथे खरोखरची दलदल होती. साडूंनी गृहप्रवेशाच्या पूजेला शेजारधर्म म्हणून त्याला बोलावलं, तर हा शिऱ्याची वाटी हातात घेऊन हॉलच्या मधोमध, भटजींच्या जवळजवळ डोक्यावर उभा राहिला आणि गहिवरून म्हणाला, “माय फर्स्ट डक, मेट. राइट हिअर.” भटजींनी घाईघाईने पाट सरकवून घेतला. आम्ही सगळे हसलो, साडू हसले नाहीत. ते त्या जागेकडे टक लावून बघत राहिले. पुढच्या सीझनला ग्रॅहॅम त्यांना ‘नुसतं बघायला’ म्हणून बॅलरॅटच्या पलीकडच्या एका तळ्यावर घेऊन गेला. संध्याकाळी साडू परतले ते कमरेपर्यंत भिजलेले, नाक लालबुंद, दात वाजताहेत, आणि चेहरा असा की शिल्पाताईने आधी श्वासाचा वास घेऊन पाहिला.

इथे बदकं मारायची तर आधी बदकं ओळखायची परीक्षा द्यावी लागते. कुठली जात मारायला परवानगी आहे आणि कुठली संरक्षित आहे, हे उडताना बघून सांगता आलं पाहिजे. इथली पोरं म्हणे आदल्या दिवशी बिअर पिता पिता तयारी करतात आणि पास होतात. पण परीक्षा हा शब्द कानावर पडल्यावर आमच्या साडूंच्या अंगात जे संचारलं ते विचारू नका! तीन महिने त्या घरात दुसरा विषय नव्हता. फ्रिजवर बदकं, आरशावर बदकं, संडासच्या दाराला आतून बदकं. आम्ही जेवायला गेलो तर आमटी वाढायच्या आधी माझ्यासमोर चित्र धरून, “सांग, चोच बघ, चोच! आता कपाळ बघ!” मी म्हटलं, अहो, मला सगळी सारखीच दिसतात. त्यावर ज्या नजरेने त्यांनी मला पाहिलं, तशा नजरेने माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी वडिलांनीही पाहिलं नव्हतं. शेवटी पैकीच्या पैकी मार्क पडले. आणि ह्या सद्गृहस्थांनी, शिकारीच्या लायसन्सच्या परीक्षेचे, मंडळाच्या कार्यक्रमात पेढे वाटले! कसले पेढे म्हणून विचारणाऱ्याला, “डक्समध्ये पूर्ण मार्क,” असं सांगत होते. इथे शाळेत पहिल्या येणाऱ्याला ‘डक्स’ म्हणतात, त्यामुळे निम्म्या लोकांना वाटलं, मुलगी पहिली आली. ते प्रमाणपत्र आज त्यांच्या हॉलमध्ये मुलीच्या कथकच्या प्रमाणपत्राशेजारी फ्रेम करून लावलेलं आहे, आणि फ्रेम जरा मोठीच आहे.

मग आली बंदूक, आणि बंदुकीसाठी भिंतीत बोल्ट मारलेली लोखंडी तिजोरी. शिल्पाताईला वाटलं, चला, पाटल्या-बांगड्या ठेवायची सोय झाली. साडूंनी तिला कायद्याचं कलम वाचून दाखवलं. “म्हणजे चोर आला तर बंदूक सुरक्षित आणि माझ्या पाटल्या गेल्या!” ती म्हणाली. मग आली छातीपर्यंतची रबरी विजार, गवतासारख्या रंगाचा कोट, पाण्यावर तरंगणारी प्लॅस्टिकची डझनभर बदकं, आणि बदकासारखा आवाज काढायची ती शिट्टी. ती शिट्टी म्हणजे अख्ख्या गल्लीचं दुखणं होऊन बसली. साडू गॅरेजमध्ये कोंडून घेऊन रोज अर्धा तास सराव करायचे. एकदा पुण्याहून त्यांच्या आईचा व्हिडिओ कॉल चालू असताना मागून तो आवाज सुरू झाला, तर म्हातारी घाबरून म्हणाली, “अगं शिल्पा, ह्याला दम लागलाय का? वाफारा दे त्याला!” खरं सांगायचं तर त्या शिट्टीला भुलून आजवर एकही बदक खाली उतरलेलं नाही. समोरच्या घरातला कुत्रा मात्र दर वेळी यायचा.

पण खरी गंमत तळ्यावर. मी दोन-तीनदा गेलोय, त्यामुळे डोळ्यांदेखत पाहिलेलं सांगतो. पाण्यात मांड्यांपर्यंत बुडून, लव्हाळ्यात लपून, दहा-बारा दणकट गोरे शिकारी रांगेने उभे असतात, आणि त्यांच्यात आमचे पाच फूट चार इंची साडू, गळ्याला मफलर. लांबून काळा ठिपका दिसतो. सगळ्यांच्या बंदुका वर. साडूंचीही वर. आणि मग साडूंची पुटपुट सुरू होते, “पंखांची फडफड जलद... पोट फिकट... थांब, थांब, डोकं गोल आहे की टोकदार?... पंखावर पांढरा पट्टा... ग्रे टील. निश्चित ग्रे टील.” निश्चित होईपर्यंत ते बदक पुढच्या तालुक्यात पोचलेलं असतं! वीस वर्षं रक्ताची पेशी दोनदा बघितल्याशिवाय सही न केलेला माणूस, तो एका नजरेत चाप कसा ओढणार? पण झालं काय, ही पुटपुट शेजारच्यांना ऐकू जायची, आणि ह्यांचं सांगणं कधी म्हणजे कधीच चुकायचं नाही. हळूहळू अख्खी रांग ह्यांच्यावर अवलंबून राहायला लागली. काही उडालं की बारा माना ह्यांच्याकडे वळायच्या, “व्हॉट्स दॅट, मेट?” हे सांगायचे, ते मारायचे. संरक्षित जात असली तर हे हात वर करून असे ओरडायचे की बंदुका झटकन खाली. रेंजर लोकसुद्धा ह्यांच्याशी आदराने हात मिळवायचे. ग्रॅहॅमचा कुत्रा म्हातारा होऊन गेल्यापासून तर पाण्यात पडलेलं बदक उचलून आणायचं कामही साडूंनी स्वतःकडे घेतलं होतं. सात सीझन झाले. सगळ्यांच्या पिशव्या भरल्या, ह्यांची पाटी कोरी.

आणि घरी शिल्पाताईचं वाटण! ही मालवणची लेक. सीझनच्या पहिल्या दिवशी नवरा तळ्यावर गेला की हिने खोबरं, कांदा, धणे, मिरी, सगळं खरपूस भाजून बदकासाठी खास वाटण करून ठेवायचं, हा त्या घरचा रिवाज पडून गेला. आम्हाला जेवायचं आमंत्रण ठरलेलं. संध्याकाळी साडू रिकाम्या हाताने गाडीतून उतरायचे, शिल्पाताई पर्स उचलायची आणि सुपरमार्केटमधून कोंबडी घेऊन यायची. सात वर्षं आम्ही त्या वाटणातली कोंबडी खाल्ली, आणि दर वर्षी कोणीतरी म्हणायचंच, “पण मसाला काय सुरेख झालाय!”

त्यात मुलगी सई झाली व्हिगन. युनिव्हर्सिटीत गेल्यावर तिने बाबांना सरळ सांगितलं, “बाबा, यू आर अ मर्डरर.” शिल्पाताई आतून म्हणाली, “अगं, मर्डर करायला आधी काहीतरी मेलं पाहिजे!” पण सई ऐकेना. तळ्यावर शिकारीला विरोध करणारी मंडळी भडक पिवळी जॅकेटं घालून, शिट्ट्या फुंकत बदकं हुसकवायला येतात, त्यांच्यात ही सामील झाली. आता तळं एक, दिवस एक, आणि घरात गाडी एक. त्यामुळे शिकारी बाप आणि त्याची निषेधक मुलगी एकाच गाडीतून तळ्यावर जायची, पार्किंगमध्ये एकमेकांना “टेक केअर” म्हणायची आणि दोन विरुद्ध काठांना जायची. शिल्पाताई दोघांना डबा द्यायची, बाबांचा घावन-चटणीचा आणि सईचा तुपाचा हात न लागलेला. एकदा डबे बदलले गेले, तर दुपारी साडू पांढरा रुमाल हलवत तळ्याला वळसा घालून डबा बदलून घ्यायला गेले. दोन्ही बाजूंना वाटलं, तह झाला.

मी त्यांना अनेकदा विचारलं, अहो, मरत काही नाही, मिळत काही नाही, थंडीने सांधे धरतात, मग तुम्हाला ह्यात एवढं काय सापडतं? दर वेळी नवीन उत्तर. कधी म्हणाले, निसर्ग. मी म्हटलं, निसर्ग बंदुकीशिवायही दिसतो. कधी म्हणाले, शांतता. ज्या ठिकाणी बारा बंदुका उडतात आणि वीस शिट्ट्या वाजतात, तिथली शांतता! कधी म्हणाले, माणसाच्या रक्तातच शिकार आहे. मी म्हटलं, तुमच्या रक्तात पुरणपोळी आहे. मग एकदा परत येताना, गाडी मीच चालवत होतो, ते आपणहूनच बोलले. “तुला सांगतो, लॅबमध्ये मी इतकी वर्षं आहे. मीटिंगला बसतो. माझ्या नावाचं ह्या लोकांनी दोन अक्षरी काहीतरी करून टाकलंय, ते घेऊन हाक मारतात, गुड ऑन यू म्हणतात, पण कोणी विचारत नाही, तुला काय वाटतं. आणि इथे... वर काही उडालं की सगळे माझ्याकडे बघतात रे. आणि त्यात ग्रॅहॅम. पन्नास वर्षं बदकं मारलेला माणूस, तो पण माझ्याकडे बघतो.” मी उगाच हीटर वाढवला.

गेल्या वर्षी मात्र प्रकरण हातघाईवर आलं. इकडे पाडवा आणि बदकांचा सीझन मागेपुढेच येतात. पाडव्याच्या दिवशी, गुढी उतरवता उतरवता, शिल्पाताईने आम्हा सगळ्यांसमोर जाहीर केलं, “हे शेवटचं. या वर्षी माझ्या वाटणात बदक पडलं तर ठीक, नाहीतर ती बंदूक विकायची. मला ती तिजोरीची खोली पूजेला हवी आहे.” साडूंनी माझ्याकडे पाहिलं, मी श्रीखंडाकडे पाहिलं. “आणि तुम्ही जायचं बरोबर,” ती माझ्याकडे वळून म्हणाली, “साक्षीला. मला खरं काय ते कळलं पाहिजे.” म्हणजे एका माणसाच्या सात वर्षांच्या तपश्चर्येचा निकाल लागणार, आणि पंच कोण, तर मी.

निघायच्या आधी साडूंनी मला आणखी एक गोष्ट सांगितली, ती शिल्पाताईला ठाऊक नव्हती. ग्रॅहॅमच्या डोळ्यांच्या मध्यभागी डाग वाढत होता. आकार दिसायचा, हालचाल दिसायची, पण जात ओळखू यायची नाही. आणि जी जात ओळखू येत नाही तिच्यावर गोळी झाडायची नाही, हे ग्रॅहॅमनेच साडूंना पहिल्या दिवशी शिकवलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, पुढच्या वर्षी लायसन्स विसरा. “म्हणजे या वर्षी माझं एक बदक,” साडू म्हणाले, “आणि त्याचं शेवटचं.”

त्या दिवशी तळ्यावर बदकंच नव्हती. समोरच्या काठावरून शिट्ट्यांचा असा गजर चालला होता की मी बदक असतो तर मीही आलो नसतो. त्या शिट्ट्यांत सईची कुठली ते साडूंना बरोबर ओळखू येत होतं, तेही त्यांनी मला सांगितलं. दुपार झाली, एकेक शिकारी कंटाळून निघून गेला. शेवटी लव्हाळ्यात उरलो आम्ही तिघे. ग्रॅहॅम थकून एका ओंडक्याला टेकला होता. मी बूट काढून पाणी ओतत होतो, तेवढ्यात साडू एकदम ताठ झाले.

उजवीकडून एकच पक्षी येत होता. खालून, संथ, सरळ आमच्याकडे. इतक्या जवळून की मलासुद्धा चेहऱ्यावरचे पट्टे दिसले. साडूंची बंदूक वर होती, आणि या वेळी पुटपुट नव्हती! त्यांना एका नजरेत कळलं होतं. मी मनात ओरडत होतो, मारा, अहो मारा, बंदूक वाचवा, खोली वाचवा! त्यांचं बोट चापावर गेलेलं मी पाहिलं. आणि त्यांनी बंदूक खाली केली.

“पॅसिफिक ब्लॅक, ग्रॅहॅम,” ते हळूच म्हणाले. “तुझ्या उजवीकडून. एकटंच आहे. तुझं आहे ते.”

म्हातारा उठला, खांद्याला बंदूक लावली. एकच बार. पक्षी पाण्यात पडला. साडू छातीभर पाण्यात चालत गेले आणि ते बदक दोन्ही हातांनी उचलून घेऊन आले. ग्रॅहॅमने त्याच्या मानेवरून अंगठा फिरवला, बराच वेळ. मग ते साडूंच्या पुढे धरलं. शिल्पाताईची अट त्यालाही ठाऊक होती. “टेक इट होम, मेट. टेल हर यू गॉट इट.”

“घ्या हो!” मी मराठीत कळवळून म्हटलं. “साक्षीदार मी आहे ना? मी सांगतो तुम्ही मारलं म्हणून. देवाशपथ सांगतो!”

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. नाकातून पाणी गळत होतं, मफलर भिजला होता. “अरे, मी ओळखलं,” ते म्हणाले. “मारलं त्याने. दुसऱ्याच्या रिपोर्टवर मी सही कशी करणार?” मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला, आणि इतकं प्रेम वाटलं, की मी तोंड फिरवून बूट घालायला लागलो.

घरी शिल्पाताई दारातच उभी होती. वाटणाचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत आला होता. “मिळालं?” तिने विचारलं. मी खोटं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात साडू म्हणाले, “नाही.” मग पाटावर बसल्यासारखे पायरीवर बसून त्यांनी सगळं सांगितलं, ग्रॅहॅमच्या डोळ्यांसकट. शिल्पाताई नेहमीसारखी पर्स उचलायला आत गेली नाही. ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली, त्यांच्या डोक्यातलं लव्हाळ्याचं पातं काढून टाकलं आणि म्हणाली, “राहू दे ती बंदूक. ठेवा अजून एक वर्ष.”

“नको गं,” साडू म्हणाले. “ग्रॅहॅम नसेल तर मी कोणाला सांगू, काय उडालं ते?” आठवड्याभरात बंदूक विकली गेली. खोलीत आता देव आहेत.

यंदा ग्रॅहॅमने ते लाकडी घर सोडलं. मुलीने त्याला वृद्धाश्रमात नेलं. मला वाटलं, संपला विषय. तर सीझनच्या पहिल्या दिवशी सकाळी साडू रबरी विजार घालून माझ्या दारात हजर! “चल, तळ्यावर जाऊ.” मी म्हटलं, अहो, बंदूक कुठाय? “बंदूक कशाला लागते?” मी गेलो. आजकाल मी नाही म्हणत नाही. तिथे शिकाऱ्यांनी त्यांना बघून हात केले, सईच्या मंडळींना वाटलं, एक शिकारी सुधारला, म्हणून त्यांनी ह्यांच्या अंगावर पिवळं जॅकेट चढवलं. थंडी होती म्हणून साडूंनी ते राहू दिलं. दिवसभर दोन्ही काठांची माणसं येऊन ह्यांनाच विचारत होती, “व्हॉट्स दॅट, मेट?”

दुपारी ते बांधावर चढले, जिथे फोनला जेमतेम रेंज येते तिथे, आणि ग्रॅहॅमला फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता, मग तो बंद झाला. लांबून दोन ठिपके आले. साडू सावकाश बोलायला लागले, “दोन आहेत, ग्रॅहॅम. डावीकडून, खालून येताहेत. पंख जलद. पंखावर पांढरं आहे. ग्रे टील. आता वळले... आता तुझ्या समोर आहेत, अगदी समोर.”

मला वाटलं, लाइन तुटली. मग त्यातून म्हाताऱ्याचा घोगरा, थकलेला आवाज आला, “बँग.”

दोन्ही पक्षी आमच्या डोक्यावरून शांतपणे निघून गेले. साडू ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहिले, आणि मग म्हणाले, “मिस्ड, मेट. थांब, फोन ठेवू नकोस. अजून येताहेत.”